मागच्या खोलीतला टीव्ही

सोलापुरातले निम्मे रस्ते अण्णांना बंद होते आणि ते त्यांचे त्यांनीच बंद करून घेतले होते. सात रस्ता चौकातून आमच्या दुकानाकडे यायला चांगला सरळ रस्ता आहे. पण त्या रस्त्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना लागतो, आणि अण्णांनी तिथे बसवलेला कॅमेरा नेमका कंपाउंडरची सायकल चोरीला गेली त्या दिवशी बंद होता. सायकल पुढे सापडली. कंपाउंडर नोकरी सोडून गेला. डॉक्टरांना विचारलं असतं तर कसला कॅमेरा नि कसली सायकल, हेही त्यांना आठवलं नसतं. अण्णांची स्कूटर मात्र त्या चौकात आली की गुपचूप डावीकडे वळायची आणि गल्लीबोळ हिंडून आम्ही दुकानात पोचायचो. एका शाळेपुढून ते हेल्मेटची काच खाली करून जायचे. एका बँकेत तर मला एकटीला पाठवायचे आणि स्वतः कोपऱ्यावर उसाचा रस पीत थांबायचे. मी त्यांच्याकडे नोकरीला लागले तेव्हा सुरुवातीला कामापेक्षा हा नकाशाच जास्त शिकले.

अण्णा मूळचे दुधनीचे. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि वायर हातात असली की दोन्ही. चित्र आलं की 'बंतु' म्हणायचे आणि गेलं की 'होय्तु'. माझं सगळं कानडी बरीच वर्षं या दोन शब्दांवर चाललं होतं. आधी त्यांचा केबल टीव्हीचा धंदा होता. घराघरावर डिशच्या छत्र्या आल्या, मग मोबाइल आले, तेव्हा उरलेली वायर आणि शिड्या घेऊन त्यांनी कॅमेरे, नेटवर्क, स्विच असली कामं सुरू केली. मी माढ्याची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली. वायर ओढणं, खिळे ठोकणं, गिऱ्हाइकाशी बोलणं त्यांच्याकडे आणि लॅपटॉप उघडून स्विचची, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडणाऱ्या पेटीची, सेटिंग करणं माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती. लोकांसमोर ते मला मॅडम म्हणत, म्हणजे कोणी मला हलक्यात घेऊ नये. दोघंच असलो की पोरी.

त्यांच्या बोलण्यात बिघाड हा शब्दच नव्हता. फोनवर म्हणायचे, 'मॅडम, हितं लाज गेलीय, लवकर या.' गिऱ्हाईक शेजारीच उभं असायचं. कोणाची लाज गेली, ते त्याला कळायचं नाही, आणि विचारायचं धाडस व्हायचं नाही. काम होऊन चित्र येईपर्यंत अण्णा गिऱ्हाइकाकडचा चहा घेत नसत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात एकदा दिवसभर काही केल्या चित्र येईना. मालक बिचारा दर तासाला चहा पाठवत होता आणि अण्णा कप झाकून ठेवत होते. संध्याकाळी बशा ठेवलेल्या कपांची रांग बघून मालकाला वाटलं, आपल्या चहात काही पडलंय की काय. कॅमेऱ्याच्या पेटीजवळ जाताना ते चप्पल काढायचे. कारखान्यात जमिनीवर कापसाची पिंज पडलेली असते. बाहेर येताना अण्णांचे पाय पांढरेधोप झालेले असायचे आणि कामगार हसायचे. अण्णांना त्याची लाज वाटत नसे. लाज कशाची वाटून घ्यायची आणि कशाची नाही, याची त्यांची स्वतःची वेगळीच पद्धत होती.

दुसऱ्याच्या कामाचीसुद्धा त्यांना लाज वाटायची. कोणाच्या ऑफिसात वायरींचा गुंता लोंबकळताना दिसला की ते मान दुसरीकडे वळवायचे, कोणी अर्धवट कपड्यात समोर यावं तशी. मग न राहवून खिशातल्या पट्ट्या काढायचे आणि बोलता बोलता गुंता बांधून टाकायचे. आम्ही तिथे दुसऱ्याच कामाला गेलेलो असायचो. काम संपलं की स्विचच्या पेटीवर ते टॉवेल पांघरायचे. मी पुष्कळ सांगितलं, की अण्णा, आत गरम होतं, स्विच जळेल. तेव्हा त्यांनी टॉवेल बदलून पातळ पंचा आणला. उघडं ठेवणं मात्र त्यांना जमलं नाही.

पहिल्या वर्षी मला त्यांच्याबरोबर जायला संकोच वाटायचा. लोक हसायचे आणि मीही त्यांच्याबरोबर हसून घ्यायचे, म्हणजे मी वेगळी आहे हे कळावं. हळूहळू ते दुखणं मलाच लागलं. आता माझाही एक रस्ता बंद आहे.

होटगी रोडच्या बाजूला एक नवं मंगल कार्यालय झालं. मालक एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांपैकीच. त्यांनी खाली मोठा हॉल, वर दुसरा हॉल आणि तळघरात जेवणाची पंगत, असं तीन मजली काम केलं. आमच्याकडे लग्नाला लोक म्हणतच नाहीत की लग्न किती वाजता आहे. अक्षता किती वाजता आहेत, असं विचारतात. अक्षता पडल्या की लग्न लागलं. गर्दी इतकी, की निम्मी माणसं वरच्या हॉलमध्ये नाही तर तळघरात असायची. त्यांच्यासाठी मालकांनी मोठे टीव्ही लावले होते. पण ते ज्याने बसवले त्याने प्रत्येक टीव्हीला तेच चित्र वेगवेगळं पाठवलं होतं, त्यामुळे कोणता टीव्ही किती मागे पडेल याचा नेम नव्हता. खाली लग्न लागायचं, वाजंत्री सुरू व्हायची, वरच्या हॉलमध्ये तेव्हा कुठे 'सावधान' यायचं, आणि तळघरातले लोक त्याच्याही नंतर अक्षता टाकायचे. एकदा तर खालची वाजंत्री ऐकून वर अक्षता पडल्या तेव्हा टीव्हीवर अजून मंगलाष्टकं चालू होती. नवऱ्याकडचे एक काका फार चिडले. अण्णांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. काम त्यांचं नव्हतं, तरी म्हणाले, 'आपल्या गावात असं व्हायलंय म्हणजे आपलीच लाज गेली की.'

मालकांनी काम आमच्याकडे दिलं. मी म्हटलं, याला मल्टिकास्ट लागेल. कॅमेऱ्याकडून चित्र एकदाच निघतं, मजल्यामजल्यावरचे स्विच ते पुढे देतात, आणि सगळ्या टीव्हींना तेच चित्र एकाच वेळी मिळतं. अण्णांना हे मी कागदावर आकृती काढून समजावायला लागले, तर त्यांनी मला रिकाम्या तळघरात नेलं. पंगतीच्या बाकांमधून चालत ते मलाच समजावू लागले.

"हे बघ पोरी. केबलमधी सगळ्यांच्या ताटात सगळं पडायचं, कुणी खाऊ दे न्हायतर न खाऊ दे. हितं तसं केलं तर वायरी तुंबतील. मग वाढपी एक, भांडं एक. ज्यानं हात केला त्याच्याच ताटात वाढायचं. पण एकदा हात केला म्हणून जलमभर वाढत बसायचं न्हाय. एकानं पंगतीतनं सारखं फिरत ऱ्हायचं. पायजे का, पायजे का, विचारायचं. कोण बोललं न्हाय की तितलं वाढप बंद."

मी म्हटलं, बरोबर आहे. त्या विचारणाऱ्याला आमच्यात क्वेरिअर म्हणतात. अण्णांना ते नाव आवडलं नाही, पण माणूस फार आवडला. सारखं विचारत राहणारा. त्यांच्या स्वतःच्या घरी जेवायला बसलं की जिलेबीला तीनदा नको म्हटलं तरी चौथी ताटात पडायची.

या विचारणाऱ्यानेच आम्हाला छळलं. सुरुवातीला मी तो नेमलाच नव्हता. चित्र यायचं, अण्णा 'बंतु' म्हणून समाधानाने खाली बसायचे, आणि चार-पाच मिनिटांनी एकदम सगळे टीव्ही थिजायचे. पुन्हा चालू केलं की पुन्हा तेवढाच वेळ. चूक सापडायला मला आठवडा लागला, आणि तो आठवडा अण्णांनी त्या कार्यालयात पाणीसुद्धा प्यायलं नाही. शेवटी मी ऑफिसमधल्या स्विचला विचारायचं काम दिलं. ऑफिस थंड, धूळ नाही, कोणी हात लावणार नाही. पहिल्या लग्नाला अण्णा खालच्या आणि वरच्या हॉलच्या मधल्या जिन्यात कान देऊन उभे राहिले. वर आणि तळघरात एकाच वेळी आवाज झाला, तशा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याकडच्या लोकांना हा रडणारा माणूस मुलीकडचा वाटला आणि त्यांनी त्याला हाताला धरून जेवायला बसवलं. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला.

स्टेजच्या मागे एक खोली होती. पलीकडे स्वयंपाकघर. अक्षतांच्या वेळी त्या खोलीत विधवा बायका बसतात. त्यांना कोणी जा म्हणत नाही. त्या आपण होऊन उठून मागे जातात आणि सगळे धरून चालतात की ती त्यांचीच इच्छा आहे. मीही धरून चालले होते. एका लग्नात अण्णा वायर तपासायला तिकडे गेले आणि लाल होऊन परत आले. आत प्रत्यक्ष नवऱ्या मुलाची आई बसली होती आणि आचाऱ्याला विचारत होती, की झालं का, अक्षता पडल्या का. अण्णांनी मालकांना न विचारता, स्वतःच्या खिशातून, त्या खोलीत एक टीव्ही बसवला. मालकांची हरकत नव्हती. उलट गिऱ्हाइकांना दाखवायला त्यांना एक गोष्ट मिळाली.

मी त्या टीव्हीची सेटिंग करायला बसले तेव्हा अण्णा शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "ह्या टीव्हीला विचारत बसू नको. हितल्या बायका मागायच्या न्हाईत कदी. ह्यांस्नी न विचारता कायमचं सोडून ठेव."

तसं करता येतं. स्विचच्या त्या एका जोडणीला सांगून ठेवायचं, की इथे विचारणं नाही, इथे चित्र कायम जाऊ दे. मी तसं केलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. घरी गेल्यावर मी आईला फोन करून हे सगळं सांगितलं.

त्या खोलीचा त्यांना एवढा कळवळा का आला, ते त्यांच्या घरी जाणाऱ्या कोणालाही कळलं असतं. घरात त्यांची थोरली बहीण होती, सगळ्यांची अक्का. अक्का ऐन विशीत विधवा होऊन माहेरी आल्या. अण्णांची बायको मुलगी लहान असतानाच गेली, तेव्हा त्या मुलीला अक्कांनी मांडीवर घेतलं आणि वाढवलं. शाळेत सोडणं, वेणी घालणं, परीक्षेला दही-साखर, आजारपण, सगळं अक्कांनी केलं. दुकानात आम्हा दोघांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यायची तीही त्यांच्या हातची. बोलायच्या कमी. अण्णांना त्या तम्मा म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ, आणि माझ्याशी बोलायच्या ते ताटात काय हवं-नको तेवढंच.

त्याच मुलीचं लग्न ठरलं आणि मालकांनी कार्यालय अण्णांना प्रेमाने दिलं. लग्नाच्या आधी दोन-तीन दिवस मी त्यांच्या घरी होते. अण्णा यादी बोलत होते, कोण कुठे बसणार, कोण कोणाला आणणार. मधेच म्हणाले, "अक्का, तू स्टेजवरच बस की पोरीजवळ." अक्का शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नगं रं. लोकं काय म्हणतील." अण्णा बरं म्हणाले आणि लगेच माझ्याकडे वळून सांगितलं, की मागच्या खोलीतला टीव्ही तेवढा नीट तपासून घे.

मी तपासला. चित्र उत्तम होतं. अक्कांसाठी मी खुर्चीसुद्धा टीव्हीच्या समोर नीट मांडून आले.

लग्नाच्या दिवशी अण्णा ओळखू येत नव्हते. रेशमी फेटा, खांद्यावर उपरणं, कपाळाला विभूती. जिन्यात उभं राहून ऐकण्याचं काम त्या दिवशी माझ्याकडे होतं. मंगलाष्टकं सुरू झाली. वरच्या हॉलमध्ये माणसं हातात अक्षता घेऊन टीव्हीकडे बघत उभी होती. चांगली चार-पाच कडवी झाली असतील, आणि चित्र थिजलं. नवऱ्या मुलाचं तोंड अर्धं उघडं. आधी लोकांना वाटलं तो असाच उभा आहे. मग पोरं हसायला लागली. मी धावत तळघरात गेले, तर तिथेही तेच. अक्षता कधी टाकायच्या हे कोणालाच कळेना. कोणीतरी म्हणालं, खाली चला, आणि वरची सगळी माणसं जिन्याकडे लोटली. खाली 'सावधान' झालं, वाजंत्री वाजली, तेव्हा निम्मी माणसं जिन्यात अडकलेली होती. त्यांनी तिथेच एकमेकांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. काहींच्या मुठीत तशाच राहिल्या.

कारण मला दहा मिनिटांत सापडलं आणि ते सापडल्यावर रागवायलाही कोणी उरलं नाही. एरवी अक्षतांच्या वेळी ऑफिसमध्ये एक कारकून बसलेला असायचा. पण आज आपल्या अण्णांच्या मुलीचं लग्न, म्हणून मॅनेजरने सगळ्यांना अक्षतांना बोलावलं आणि ऑफिसला कुलूप लावलं. हा मॅनेजर आधी मालकांच्या टॉवेल कारखान्यात होता. तिथे कुलूप लावायच्या आधी मेन स्विच खाली ओढायचाच, हे प्रत्येकाच्या हाडात असतं. कापूस आणि वीज, आग लागायला वेळ लागत नाही. त्याने सवयीने ऑफिसचा मेन ओढला. ऑफिसमधला आमचा विचारणारा बंद पडला. लगेच काहीच झालं नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. चार-पाच मिनिटं कोणी विचारायला आलं नाही, तसं बाकीच्या स्विचनी एकेका टीव्हीचं वाढप थांबवलं. मॅनेजर माझ्यासमोर रडायला आला. मी त्याला सांगू शकले नाही, की विचारणारा एकच ठेवून तो ऑफिसात बसवणं ही माझी अक्कल होती.

अण्णांनी सगळं स्टेजवरून बघितलं होतं. जिन्यातली रेटारेटी, हसणारी पोरं. पंगत बसली तशी ते फेट्यासकट ओळीओळीतून हात जोडत फिरायला लागले. माफ करा, माझ्या घरची लाज गेली, माफ करा. ज्यांना काहीच कळलं नव्हतं त्यांनाही सांगत होते. नवऱ्याकडचे व्याही त्यांना धरून म्हणाले, अहो, लग्न लागलं ना व्यवस्थित, बसा आता. ते बसेनात. मला त्यांच्याकडे बघवेना. मी त्यांना बाजूला घेऊन कारण सांगितलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एक टीव्ही बंद पडलेला नसणार.

"अण्णा, मागच्या खोलीतला चालू असणार. त्याला विचारायचं नव्हतंच."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. इतका आनंद मी त्यांना त्यांच्या कुठल्याच कामात झालेला पाहिला नव्हता. माझा हात धरून ते जवळजवळ पळतच निघाले. सगळ्या कार्यालयाची लाज गेली तरी अक्कांना दिसलं होतं. ज्यांच्यासाठी केलं त्यांना तरी दिसलं.

खोलीचं दार बंद होतं. अण्णांनी ते ढकललं. अक्का मी मांडलेल्या खुर्चीवर एकट्याच बसल्या होत्या. टीव्हीवर अजून स्टेज दिसत होतं, मुलगी कोणाच्या तरी पाया पडत होती. अण्णा म्हणाले, "अक्का, तुला दिसलं की सगळं!"

"दिसलं," अक्का म्हणाल्या. "लई चांगलं दिसलं."

मग त्यांनी विचारलं, "दार का लावलं रं, तम्मा?"

अण्णांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. कॅमेऱ्यापासून टीव्हीपर्यंत यायला चित्राला आणि आवाजाला थोडा वेळ लागतोच. सगळे टीव्ही एकमेकांबरोबर चालतात, पण खऱ्या माणसांच्या किंचित मागे. दार उघडं असलं की स्टेजवरचं 'सावधान' आणि मागून टीव्हीचं 'सावधान', असे दोन ऐकू येतात. भटजींचा गोंधळ उडतो. म्हणून टीव्ही आल्यापासून कार्यालयातली माणसं अक्षतांच्या आधी ते दार लावून घेत होती. मी एक-दोनदा बघितलं होतं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी हे अक्कांना सांगितलं. त्यांना राग आला नाही. त्या अण्णांकडे बघून शांतपणे बोलत राहिल्या.

"किती लग्नं बघितली मी मागनं बसून. दार कुणी लावलं न्हवतं. फटीतनं थोडं दिसायचं. आतबाहेर करणाऱ्या पोरी सांगून जायच्या, आता हार घातला, आता हे झालं. नवरी जाताना हात लावून जायची. आज कुणीच आलं न्हाय बग. सगळ्यांस्नी वाटलं, अक्काची सोय झालीय."

त्यांच्या मुठीत अक्षता होत्या. टीव्हीवर कशा टाकायच्या, म्हणून धरून बसल्या होत्या.

लाज हा शब्द उठता-बसता वापरणारा माणूस, पण त्या वेळी त्यांच्या तोंडून तो आला नाही. अण्णा तिथेच जमिनीवर बसले. मी मुलीला बोलवायला धावले. ती आली, अक्कांच्या गळ्यात पडली, अक्कांनी मुठीतल्या अक्षता तिच्या डोक्यावर ठेवल्या, फोटो निघाले, सगळं झालं. पण लग्न लागून गेलं होतं. संध्याकाळी वऱ्हाड गेल्यावर मंडप उतरत असताना अण्णा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मी तिला एकदाच इचारलं." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते टीव्ही काढायला कार्यालयात गेले. मालकांनी काढू दिला नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. लोक आता बुकिंगच्या वेळीच विचारत होते, मागच्या खोलीत टीव्ही आहे ना. तेव्हापासून अण्णांनी एक नवंच सुरू केलं. कोणाचंही लग्न असो, अक्षतांच्या वेळी ते बोलावल्याशिवाय त्या कार्यालयात जायचे, मागच्या खोलीचं दार उघडायचे आणि त्याला पाठ लावून उभे राहायचे. आत बसलेल्या बायांना म्हणायचे, बाहेर या की, पुढं बसा की. त्यांनी नको म्हटलं की पुन्हा विचारायचे. पुन्हा नको म्हटलं की पुन्हा. बाया घाबरायच्या. एका लग्नात नवरीच्या मामाने त्यांची कॉलर धरली. एकदा एक म्हातारी खरोखर उठून बाहेर आली आणि तिच्याच मुलाने तिला सगळ्यांसमोर परत आत बसवलं. तिची त्या दिवशी जी शोभा झाली, ती अण्णांमुळेच झाली. ते त्यांना कळत होतं. तरी पुढच्या लग्नाला ते गेलेच. मालकांनी शेवटी हात जोडले आणि काम काढून घेतलं.

काढून घेतलं आणि मला दिलं. मी अण्णांकडे विचारायला गेले. मनातून मला वाटत होतं, त्यांनी नको म्हणावं. ते म्हणाले, "घे की पोरी. पोट हाय तुला. मला आता तिकडनं जाता यायचं न्हाय." पुढे मुलगी सासरी रमल्यावर ते आणि अक्का दुधनीला परत गेले. तिथे अक्का त्यांना लग्नाकार्याला नेतात की ते अक्कांना, मला माहीत नाही. फोन करावासा वाटतो आणि ते कामाचं विचारतील म्हणून मी करत नाही. माझा बंद रस्ता तो, दुधनीचा.

ऑफिसमधला विचारणारा मी त्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी स्टेजखालच्या स्विचमध्ये हलवला आणि तो बंद पडला तर काम उचलायला वरच्या हॉलमध्ये आणखी एक नेमला. त्यानंतर एकाही लग्नात चित्र थांबलेलं नाही. माझ्या कामाचं नाव झालं. शहरातल्या आणखी कार्यालयांनी तसंच करून मागितलं, आणि सगळेच सांगतात, मागच्या खोलीतही एक द्या. मी देते. नाही म्हटलं तर दुसरं कोणी देईल, असं मी स्वतःला सांगते, आणि ते खरंही आहे.

गेल्या लग्नसराईत होटगी रोडच्याच कार्यालयात मी अक्षतांच्या आधी त्या खोलीत डोकावले. एक बाई एकट्या बसल्या होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. नवरीची आई, हे नाकावरून आणि हनुवटीवरूनच कळत होतं. त्यांनी दार थोडं उघडं ठेवलं होतं आणि त्यांचा एक डोळा टीव्हीकडे, एक दाराकडे होता. म्हणाल्या, ताई, आवाज येईना, जरा मोठा करता का. मी मोठा केला. स्टेजवरून भटजींनी मागे वळून कपाळाला आठी घातली. बाईंनी ते बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. बाहेर या, असं म्हणायला मला किती वेळ लागला असता. मंगलाष्टकं सुरू होणार होती. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.